कॅमेरा बदलण्याआधी वायर तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस सुरू झाला की साताऱ्यात घरगुती कॅमेऱ्यांच्या तक्रारींचाही हंगाम सुरू होतो. एखादा कॅमेरा दिवसभर नीट चालतो आणि अंधार पडला की बंद, एखादा दर दहा मिनिटांनी जातो-येतो, एखादा पहिल्या मोठ्या सरीनंतर काळा तो काळाच. निदान ठरलेले असते, ‘कॅमेरा गेला’. नवा आणून लावला जातो आणि काही दिवसांत तोही त्याच वाटेने जातो, कारण दोष कॅमेऱ्यात नव्हताच. तो मागच्या वायरीत, आणि त्यातही वायरीच्या टोकाच्या प्लगमध्ये होता. घरमालकाला स्वतः काय तपासता येईल आणि काम करणाऱ्याकडून काय करून घ्यावे, एवढ्यापुरते हे पत्र आहे. नेटवर्क केबलवर चालणाऱ्या आयपी कॅमेऱ्यांबद्दलच लिहीत आहोत. डीव्हीआरवर (जुन्या प्रकारच्या रेकॉर्डरवर) चालणाऱ्या, थ्री प्लस वन केबल आणि बीएनसी पिनच्या कॅमेऱ्यांचे दुखणे वेगळे असते.

सुरुवात शिडीवरून नको, एनव्हीआरच्या (आयपी कॅमेऱ्यांचे चित्र साठवणाऱ्या रेकॉर्डरच्या) पाठीमागून करावी. बंद कॅमेऱ्याची वायर काढून चालू कॅमेऱ्याच्या पोर्टमध्ये खोचा आणि चालू कॅमेऱ्याची बंदच्या पोर्टमध्ये. स्क्रीनवरचे चौकोन इकडचे तिकडे होतील, त्याने गोंधळू नका. बिघाड जागच्या जागी राहिला तर पोर्ट खराब. वायरीबरोबर सरकला तर वायर किंवा कॅमेरा. आता कॅमेरा उतरवून एनव्हीआरजवळ आणायचा आणि एक-दोन मीटरच्या पॅच कॉर्डने (दोन्ही टोकांना प्लग असलेल्या तयार वायरीने) जोडायचा. सुरू व्हायला त्याला मिनिटभर लागते, म्हणून दोन मिनिटे धीर धरा. चालला तर भिंतीवरच्या वायरीकडे वळा. पण त्याआधी एक करा: कॅमेऱ्याच्या तोंडावर जाड कापड टाकून अंधार करा आणि पुन्हा पाहा. रात्रीचे इन्फ्रारेड दिवे लागतात तेव्हाच कॅमेरा पूर्ण वीज ओढतो. टेबलावर उजेडात पास झालेला कॅमेरा अंधारात नापास होऊ शकतो, आणि ही चाचणी न केल्यामुळे फुकटच्या फेऱ्या होतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे पथ्य शेवटपर्यंत पाळा. वायर, पोर्ट आणि अडॅप्टर एकदम बदलले आणि कॅमेरा सुरू झाला, तर कशामुळे झाला ते कळत नाही.

प्लग मारणे दिसायला पाच मिनिटांचे काम आहे, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. नेटवर्क केबलच्या आरजे-४५ प्लगचा खटका खाली आणि वायर आत जाण्याचे तोंड आपल्याकडे धरले की डावीकडून पहिली पिन मोजतात. तारांचे रंग लावायच्या ए आणि बी अशा दोन ठरलेल्या पद्धती आहेत. बी पद्धतीचा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. यातली मेख नीट पाहा. हिरवी जोडी तिसऱ्या आणि सहाव्या पिनेवर फाकलेली आहे आणि निळी जोडी तिच्या पोटात, चौथ्या-पाचव्यावर बसते. हे न कळल्यामुळे बऱ्याच घरांत जोड्या सरळ ओळीने मारलेल्या सापडतात: नारिंगी, मग हिरवी, मग निळी, मग तपकिरी. दोन्ही टोकांना सारख्याच. टेस्टर लावला की एक ते आठ दिवे क्रमाने लुकलुकतात, सगळे शहाण्यासारखे, आणि काम करणारा सांगतो, ‘वायर ओके आहे’.

वायर ओके नसते. कॅमेरा आणि स्विच (सगळ्या नेटवर्क केबली जिथे जोडतात तो डबा) यांची बोलणी पिन १-२ आणि ३-६ अशी जोडीने चालतात. सरळ ओळीच्या वायरीत तिसऱ्या पिनेवर हिरव्या जोडीतली पांढरी तार येते आणि सहाव्यावर निळ्या जोडीतली निळी. म्हणजे ज्या दोन तारांना एकमेकींचा पीळ हवा, त्या वेगवेगळ्या जोड्यांत गेल्या. पीळ असतो तो बाहेरचा आणि शेजारच्या जोडीचा आवाज मारण्यासाठी. तोच गेला की सिग्नल एकमेकांत मिसळतो. पाच-सात मीटरवर हे खपून जाते. चाळीस मीटरवर चित्राचे ठोकळे पडतात, लिंक १०० वरून १० मेगाबिटवर घसरते किंवा तुटत राहते. गंमत म्हणजे वीज मात्र व्यवस्थित पोचते, कारण डीसी विजेला पिळाशी देणेघेणे नसते. त्यामुळे रात्री कॅमेऱ्याचे दिवे तांबूस दिसतात, हात लावला तर तो कोमट लागतो, आणि सगळा संशय ‘सॉफ्टवेअर’वर जातो. दोन-तीनशे रुपयांच्या दिव्यांच्या टेस्टरला हा दोष कधीच दिसत नाही. त्याला फक्त तार तुटली का आणि क्रम उलटा झाला का एवढेच समजते. पारदर्शक प्लगमधून डोळ्यांनी रंग वाचणे हाच घरगुती उपाय.

ए पद्धत चांगली की बी, यावर तासभर वाद घालणारे भेटतात. दोन्ही टोकांना एकच असली की झाले. एकीकडे ए आणि दुसरीकडे बी झाली तरी आजचे स्विच बहुधा सांभाळून घेतात.

प्लगचे बाकी दोष पटकन सांगतो. पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये. केबलचे बाहेरचे आवरण प्लगच्या आत, दाबपट्टीखाली गेले पाहिजे. बाहेर नुसत्या रंगीत तारा दिसत असतील तर वाऱ्याने हलून एखादी तार सहा महिन्यांत सुटणार हे नक्की. तारांची टोके प्लगच्या पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत. आरपार तारा जाणारे प्लग सोपे खरे, पण क्रिम्परचे (प्लग दाबून बसवायच्या पकडीचे) पाते बोथट असेल तर पुढे तांब्याची कुसळे राहतात आणि शेजारच्या तारेला शिवतात. भिंतीतली केबल एकसंध तारेची असते, तिला त्याच प्रकारच्या तारेसाठी केलेला प्लग लागतो; अनेक बारीक तारांच्या पॅच कॉर्डसाठीचे दाते एकसंध तारेवर नीट बसत नाहीत. आणि टेस्टर लावण्याआधी दोन्ही टोके मोकळी करा. स्विचमध्ये खोचलेल्या वायरीला टेस्टर लावून तो जाळून घेणारे कमी नाहीत.

आता केबलबद्दल. खोक्यावर ‘कॅट-६’ मोठ्या अक्षरांत असते आणि ‘सीसीए’ कुठे तरी कोपऱ्यात. सीसीए म्हणजे ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा. ३०५ मीटरचे खोके उचलताना हातालाच फरक कळतो, कारण तांबे ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड आहे. खात्रीसाठी एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली की समजावे. अशी तार चार-पाच वेळा एकाच जागी वाकवली की तुटते आणि वीज वाहताना शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपटीहून जास्त विरोध करते. नेटवर्क केबलच्या मानकांत ती बसतच नाही, पण बाजारात स्वस्त म्हणून सर्रास खपते. नेटवर्क केबलच्या शंभर मीटरच्या मर्यादेचा हिशेबही पूर्ण तांब्यासाठीच आहे: ९० मीटर भिंतीतली आणि १० मीटर दोन्हीकडची पॅच कॉर्ड.

ज्यांच्याकडे मल्टीमीटर आहे त्यांनी हे जरूर करावे. दोन्ही टोकांचे प्लग कापून काढा. लांबच्या टोकाला एका जोडीच्या दोन तारा पिरगाळून एकत्र करा आणि जवळच्या टोकाला त्या दोन तारांमधले ओहम मोजा. मीटरची टोके एकमेकांना लावल्यावर जे अर्धा-पाव ओहम दिसते ते आधी वजा करा. ५० मीटरच्या २४ गेज (गेज म्हणजे तारेच्या जाडीचे माप, आकडा मोठा तितकी तार बारीक) तांब्याच्या केबलला साडेआठ ते साडेनऊ ओहम यावेत. २३ गेजच्या कॅट-६ ला सात ओहमच्या आसपास. १३-१४ आले तर केबल मुलाम्याची आहे किंवा सांगितल्यापेक्षा बरीच बारीक. चारही जोड्या मोजा. तीन जोड्या ८.६ आणि एकच १२ दाखवत असेल, तर केबल चांगली आहे, पण त्या जोडीत वाटेत कुठे तरी जोड आहे किंवा खिळ्याखाली तार चेपली आहे. जोड शोधायला मग भिंतीवरची प्रत्येक टेप लावलेली जागा उघडावी लागते. तारा पिरगाळून वर काळी टेप गुंडाळणे हा घरच्या दिव्याच्या वायरिंगमधून आलेला रिवाज. नेटवर्क केबलला जोड द्यायचाच असेल तर कपलरने (दोन प्लग समोरासमोर जोडणाऱ्या डबीने) द्यावा, आणि तोही बंद डब्यात.

‘रात्रीच बंद पडतो’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा विजेत असते. समजा कॅमेरा रात्री ६ वॅट घेतो आणि स्वस्तातल्या स्प्लिटरने (अडॅप्टरची वीज नेटवर्क केबलमध्ये घालणाऱ्या आणि पलीकडे वेगळी काढणाऱ्या जोडाने) १२ व्होल्टची वीज त्याच केबलमधून पाठवली आहे, जायला दोन तारा आणि यायला दोन. ६० मीटरवर जाऊन-येऊन पाच ओहम होतात. अर्धा अँपिअर वाहिला की अडीच व्होल्ट वाटेतच संपले आणि कॅमेऱ्याला साडेनऊ मिळाले. केबल मुलाम्याची असेल तर चार व्होल्ट गेले, हातात आठ उरले. दिवसा निम्मी वीज लागते म्हणून चालते. संध्याकाळी दिवे पेटतात, व्होल्टेज पडते, कॅमेरा बंद होऊन पुन्हा सुरू होतो, पुन्हा दिवे पेटवायला जातो आणि पुन्हा पडतो. रात्रभर हा खेळ चालतो. हाच कॅमेरा ४८ व्होल्टच्या पीओईवर (स्विचनेच नेटवर्क केबलमधून वीज देण्याच्या पद्धतीवर) चालवला तर तेवढ्याच ६ वॅटसाठी अष्टमांश अँपिअर पुरतो आणि वाटेत गळते अवघे ०.६ व्होल्ट. म्हणून लांबच्या कॅमेऱ्याला १२ व्होल्टचा स्प्लिटर लावून ‘मोठा अडॅप्टर टाकू’ म्हणणे म्हणजे गळक्या पाइपला जास्त पाणी सोडणे.

पीओई घेतानाही डोळे उघडे ठेवावे लागतात. २००३ च्या ८०२.३एएफ मानकात पोर्टला १५.४ वॅट मिळतात आणि कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ धरतात, २००९ च्या ८०२.३एटी मध्ये ३० आणि २५.५. मान वळवणाऱ्या पीटीझेड कॅमेऱ्यांना बहुधा दुसरे लागते. या मानकांचे स्विच आधी पलीकडे खरोखर पीओई उपकरण आहे का ते तपासतात आणि मगच ४४ ते ५७ व्होल्ट सोडतात. ‘पॅसिव्ह’ म्हणून विकले जाणारे न विचारता सोडतात, त्यामुळे तिथे चुकीची वायर खोचणे महाग पडते. शिवाय आठ पोर्टांचा स्विच म्हणजे आठही पोर्टांना पूर्ण वीज, असे नसते. एकूण ६० वॅटच्या स्विचवर रात्री प्रत्येकी ८ वॅट घेणारे आठ कॅमेरे लावले की बेरीज ६४ होते आणि एखादा कॅमेरा रोज अंधारात गळतो. तो कॅमेरा निर्दोष असतो. कॅमेऱ्यांच्या खोक्यांवरच्या वॅटची बेरीज कागदावर करून स्विचच्या अडॅप्टरवरच्या आकड्याशी ताडली तरी हे दिसते.

अशा छोट्या स्विचच्या बाजूला किंवा पुढे नखाएवढे एक सरकबटण असते. त्यावर ‘एक्स्टेंड’ किंवा ‘२५० मीटर’ असे लिहिलेले असते. ते चुकून सरकले की पोर्ट १० मेगाबिटवर येतात. २५० मीटरपर्यंत रडतखडत चालवण्यासाठीची ती तडजोड आहे, पण जवळच्या चार-आठ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यांचे चित्र त्यात अडखळते. झाडलोट करताना कापडाचा झटका बसून हे बटण हललेले असते आणि दोष पावसाला जातो. कोणालाही शिडीवर पाठवण्याआधी ते बटण बघा.

पाण्याचे मात्र खरेच आहे. आपला जिल्हा या बाबतीत दोन टोकांचा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तर माण तालुक्यात कसाबसा पाचशेच्या आसपास. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे पाणी प्लगमध्ये शिरते. माण, खटाव, फलटणकडे ऊन केबलचे आवरण फोडते. घराच्या आत वापरायची करडी पीव्हीसी केबल पत्र्यावर उघडी टाकली की दोन-तीन उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात आणि मग पहिला पाऊस आत उतरतो. बाहेर काळ्या पॉलिथिन आवरणाची, उन्हासाठीची केबलच हवी. जमिनीखालून न्यायची असेल तर आत जेल भरलेली, कारण अंगणातल्या पाइपात पाणी साठतेच.

कॅमेऱ्याच्या शेपटीला (त्यातून निघणाऱ्या आखूड वायरीला) जो प्लगचा खाच असतो त्याच्यासाठी खोक्यात एक छोटी पिशवी येते: जाड रबरी रिंग, झाकण, आवळायची टोपी. हे तिन्ही केबलवर आधी ओवायचे असते आणि मग प्लग मारायचा असतो. प्लग मारून झाल्यावर आठवण होते, प्लग पुन्हा कापायचा कंटाळा येतो आणि पिशवी खोक्यातच राहते. त्या जागी इन्सुलेशन टेप गुंडाळली जाते, जी एका उन्हाळ्यात चिकट होऊन निसटते. दोन पावसाळ्यांनी असा प्लग उपसून बघा: सोनेरी पिनांवर हिरवट-काळी खपली असते, आणि एक-दोन पिना अर्ध्या खाल्लेल्या. पाण्यातून डीसी वीज सतत वाहिली की धन बाजूचा धातू विरघळतो. जिथे वीज मोकळ्या (बोलणी न चालणाऱ्या) जोड्यांवरून येते तिथे चौथी-पाचवी पिन धन आणि सातवी-आठवी ऋण असते, म्हणून आधी चौथी-पाचवी जाते. घासून, पुसून, सॅनिटायझर चोळून अशी पिन परत येत नाही. केबलकडचा प्लग कापून नवा मारा. कापताना आवरणाच्या आत ओल दिसली तर कोरडी तार लागेपर्यंत मागे कापत जा; पाणी केबलच्या पोटातून मीटरभर सहज चढते. कॅमेऱ्याच्या शेपटीतल्या पिनाच खाल्ल्या असतील तर मात्र शेपूट बदलण्यावाचून इलाज नाही. नव्या जोडात सिलिकॉन ग्रीस थोडे भरावे. टेप हवीच असेल तर ताणून गुंडाळल्यावर स्वतःच एकजीव होणारी रबरी टेप घ्यावी.

केबल भिंतीच्या भोकात वरून सरळ उतरू देऊ नये. आधी भोकाच्या खाली वीतभर झोळ द्यावा आणि मग वर घ्यावी, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी थेंबाथेंबाने गळून जाते. भोक बाहेरच्या बाजूला उतरते पाडावे आणि डब्यात केबल नेहमी खालून शिरवावी.

उंदरांचा आणि माकडांचा बंदोबस्त एकच, पाइप. ऊसपट्ट्यात उंदीर आवरण कुरतडतात आणि पाचगणी-महाबळेश्वरला माकडे लोंबत्या केबलला झोके घेतात. तो पाइप मात्र २३० व्होल्टच्या वायरीचा नको. एका पाइपात दोन्ही नेले तर गडबड चित्रात होतेच, शिवाय ती २३० व्होल्टची वायर कुठे सोलली गेली की थेट कॅमेऱ्याच्या धातूला करंट. समांतर जाताना हातभर अंतर ठेवा. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. खिळ्याची क्लिप केबलवर ठोकून ती चपटी करू नका, आणि वळणावर केबलच्या जाडीच्या चौपट तरी त्रिज्या ठेवा. कॅट-६ सहा मिलिमीटर जाड असते, म्हणजे अडीच सेंटिमीटर.

वळवाच्या विजांसाठी सर्ज प्रोटेक्टर लावलेले दिसतात, पण त्याची हिरवी वायर हवेत लोंबत असते. अर्थिंगला न जोडलेला प्रोटेक्टर म्हणजे निव्वळ एक जास्तीचा जोड. बंगल्यातून गोठ्यापर्यंत किंवा विहिरीवरच्या मोटारघरापर्यंत कॅमेरा न्यायचा असेल तर तांब्याची केबल टाळून फायबर (प्रकाशाने सिग्नल नेणारी काचेची केबल) ओढावे आणि दोन टोकांना तिला नेटवर्क केबलशी जोडणारे मीडिया कन्व्हर्टर लावावेत; तिकडे कॅमेऱ्यासाठी वीज तिथलीच घ्यावी. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये वीज पडल्यावर जो फरक येतो, तो तांब्यातून वाहत थेट एनव्हीआरपर्यंत पोचतो. त्यासाठी फायबरही आत धातूची तार नसलेले घ्यावे, नाहीतर सोय अर्धीच.

केंद्र सरकारने ९ एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी सक्तीची केली, त्यामुळे कॅमेरा घेताना लोक आता प्रमाणपत्र विचारतात. त्या चाचणीत भिंतीवरची केबल येत नाही, ती आपणच विचारायची. कोटेशनमध्ये ‘केबल, प्लग, मजुरी’ अशी एक ओळ नको. पूर्ण तांब्याची, गेज किती, बाहेरची काळी किती मीटर आणि आतली किती, हे वेगळे लिहून घ्यावे. मीटर मोजायला फूटपट्टी लागत नाही. केबलच्या आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा वाचून वजाबाकी केली की बिलाशी ताडता येते. दोन्ही टोकांना मीटर-मीटर केबल जादा गुंडाळून ठेवायला सांगा, कारण प्रत्येक नवा प्लग दहा सेंटिमीटर केबल खातो. आणि एनव्हीआरच्या मागे प्रत्येक वायरीवर ‘फाटक’, ‘गच्ची’, ‘मागचे दार’ अशी चिठ्ठी चिकटवून घ्या. पेनाने लिहिलेली पुसते. पेन्सिलीने लिहून वर पारदर्शक टेप लावलेली टिकते.

आपले,
नेटवर्क व कॅमेरा वायरिंगचे काम करणारे काही तंत्रज्ञ,
सातारा